घरगुती यंत्रविद्या : जुन्या पद्मिनीची नळी

एका वाचकभगिनीने पत्र लिहून विचारले आहे की, ‘मामंजींनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या येथे अद्याप चालती आहे, परंतु तिचे काम जाणणारा मिस्त्री गावात उरला नाही. तर घरच्या माणसांनी तिची दुरुस्ती कोठवर करावी आणि कोठे हात आखडता घ्यावा?’ हा प्रश्न आम्हासही तितकाच जवळचा आहे. कोपरगावी आमच्या एकत्र कुटुंबात १९८५ साली घेतलेली पद्मिनी अजून आहे. ज्या मिस्त्रींनी तिला तीस वर्षे सांभाळले त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी गॅरेज बंद केले. त्यांच्या चिरंजीवांना नव्या गाड्यांचे काम उत्तम येते, पण ते पद्मिनीचे बॉनेट उघडून म्हणतात, “काका, हिला संगणक कुठे लावायचा?” यास्तव गेली काही वर्षे तिची किरकोळ कामे आम्ही घरीच करीत आलो. त्यातले जे साधले ते आणि जे अंगावर आले तेही येथे सांगतो.

प्रथम गाडीचे कूळ. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना कुर्ल्यास. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तेथे ज्या गाड्या होऊ लागल्या त्यांपैकी ‘अकराशे डी’ ही १९६४ सालची, आणि तिलाच पुढे १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. आता भाग हवा झाल्यास कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांतून किंवा पुण्यास नाना पेठेतून शोधून आणावा लागतो, आणि आणलेला भाग नवा की घासूनपुसून नवा केलेला, हे ओळखण्याची जबाबदारी आपली.

आता मुख्य मुद्दा. हातात पाना घेण्यापूर्वी कोणता भाग कोठे आहे हे ठाऊक पाहिजे. आणि ते डावेउजवे पाठ करून लक्षात राहत नाही. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी भाग हललेले असतात, मागील मालकाने किंवा मिस्त्रीने जागा बदललेल्या असतात. आमचे जुने मिस्त्री म्हणत, “नळी धरून चाला, वायर धरून चाला, भाग आपोआप सापडतो.” इंजिनापर्यंत चार गोष्टी वाहत येतात : पेट्रोल, ठिणगी, पाणी आणि बॅटरीचा प्रवाह. प्रत्येकीचा उगम पकडावा आणि बोटाने तिच्यामागून जावे. घरातील मुलांना एका रविवारी इंजिन थंड असताना असे चारही मार्ग बोटाने फिरवून दाखवावेत. आमच्या पुतणीने ते वहीत काढून घेतले. त्या चित्रास प्रमाण नाही, पण चूकही नाही.

पेट्रोलची टाकी मागे. तेथून निघालेली धातूची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते आणि इंजिनाच्या कुशीस बसविलेल्या पंपाला मिळते. हा पंप विजेचा नव्हे. इंजिनातील कॅमच्या दांड्याने त्याची तरफ हलते, तरफेने आतला रबरी पडदा, ज्यास सर्वजण डायफ्राम म्हणतात, तो खालीवर होतो आणि पेट्रोल ओढले जाते. पंपातून निघालेली दुसरी नळी वर कार्बोरेटरला जाते. एअर फिल्टरच्या गोल डब्याखाली जो कार्बोरेटर आहे तोच. धातूच्या नळीस जेथे हलते भाग जोडावयाचे तेथे रबरी नळीचे तुकडे असतात. हे तुकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढील सारी कथा त्यांचीच आहे.

प्रथम एक सोपा प्रसंग. एका मे महिन्यात येवल्याचे लग्न आटोपून आम्ही भर दुपारी परतत होतो. गाडीत आई, अण्णा, वहिनी, पुतणी आणि आम्ही. नगर-मनमाड रस्त्यावर पुढे मालमोटारींची रांग लागली, गाडी रखडत चालली आणि एका क्षणी आचके देऊन बंद पडली. अण्णांनी स्टार्टर फिरवला, आम्ही प्लग काढले, अण्णांनी आमच्यावर आणि आम्ही पेट्रोल पंपावर दोष ढकलला. वहिनींनी मात्र पाण्याच्या बाटलीत पंचा भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला आणि शांतपणे म्हणाल्या, “मामंजी असंच करायचे. दहा मिनिटं थांबा.” दहा मिनिटांनी गाडी निघाली. उन्हाने व इंजिनाच्या आचेने नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. यात बिघाड कसलाच नसतो. तरी अशा वेळी पंप बदलून घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि खरे सांगावयाचे तर त्या यादीत एकदा आमचेही नाव आहे.

दुसरा प्रसंग इतका सोपा नव्हता. गेल्या वर्षी श्रावणात आईस डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिकला न्यावयाचे होते. पहाटे अण्णांनी गाडी सुरू करून अंगणात ठेवली आणि ते पिशव्या आणावयास आत गेले. आमच्याकडे स्नानाचे पाणी अद्याप तांब्याच्या बंबात तापते, आणि तो बंब पडवीच्या टोकास, गाडीपासून फार तर बारा पावलांवर. आई ओसरीवर बसली होती. दिसत कमी असले तरी तिचे नाक शाबूत आहे. ती मोठ्याने म्हणाली, “अरे, पेट्रोलचा वास येतोय. आधी बंबातला विस्तव विझवा, मग गाडी बघा.” पुतण्याने धावत जाऊन बंबात बादलीभर पाणी ओतले. अण्णांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. आम्ही बॉनेट उघडले तेव्हा पंप व कार्बोरेटर यांमधील रबरी नळीस बोटभर चीर होती, आणि तिच्यातून निघालेले पेट्रोल इंजिनाच्या अंगावरून फरशीवर आले होते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि विस्तवापर्यंत आपल्या पायांनी चालत गेल्यासारखी जाते. आणखी काही मिनिटांचा उशीर झाला असता तर काय घडते, याचा विचार आम्ही त्या दिवशी केला नाही. भाड्याची गाडी करून नाशिकला गेलो. विचार रात्री आला.

ती नळी जेमतेम चार वर्षांची होती. पूर्वी अशी नळी दहा वर्षे टिके. नळी कापून पाहिली तेव्हा ती आतून फुगलेली, मऊ, बोटास काळे लावणारी झालेली. कारण शोधता ते आमच्या तालुक्याच्या मातीतच सापडले. ऊस हे कोपरगावचे मुख्य पीक. कोळपेवाडी, साकरवाडी ही नावे साखरेच्या धंद्यामुळेच महाराष्ट्रास ठाऊक झाली. उसाच्या मळीपासून आणि रसापासून मद्यार्क होतो, तोच इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळला जातो. देशात हे मिश्रण २०२२ च्या मध्यास दहा टक्क्यांवर आले, आणि २०३० साठी ठरविलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आधी ओढून २०२५ मध्येच गाठण्यात आले. परदेशी तेलाचा खर्च वाचतो व ऊसवाल्याच्या हातात पैसा पडतो, हे लाभ खरे आहेत आणि ऊसपट्ट्यात राहून ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पद्मिनीची आखणी झाली तेव्हा तिच्या नळ्यांचे व पडद्यांचे रबर निव्वळ पेट्रोलसाठी निवडलेले होते. मद्यार्काने तशा रबरास फुगवटा येतो, पुढे ते चिरते. दोष कोणा एकाचा नाही. गाडी एका काळाची आणि तिचे अन्न दुसऱ्या काळाचे, इतकेच.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्याने सर्वांआधी करावयाचे काम हे : टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जितके रबरी तुकडे असतील ते सर्व एकदम बदलावेत, आणि दुकानदाराकडे इथेनॉलला टिकणारी, व्हायटॉन अस्तराची नळी मागावी. ती महाग असते. परंतु एकूण लागते हातभर. क्लिपाही नव्या घ्याव्यात, कारण जुन्या क्लिपा रबरास कातरतात. काम करताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, घरातील विस्तव, समई, उदबत्ती सर्व शांत असावे, आणि काम उघड्या हवेत व्हावे. पंपाचा डायफ्रामही त्याच वेळी बदलावा. तो फाटला की बाहेर गळतोच असे नाही. पुष्कळदा पेट्रोल आतून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची काडी बाहेर काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइल न घालता त्याची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी त्या घटकेपासून उभी करावी.

मद्यार्काचे आणखी दोन गुण सांगितले पाहिजेत. एक, तो हवेतील ओल शोषून घेतो. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर पाणी व मद्यार्क पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसू शकतात आणि टाकी आतून गंजते. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी आणि आठवड्यास एकदा तरी गाडी फिरवावी. टाकीतला जुना गंज मद्यार्काने सुटून पुढे येतो, यास्तव पंपाच्या अलीकडे एक लहानसा पारदर्शक फिल्टर बसवावा. त्याची किंमत किरकोळ आणि तो काय सांगतो ते मूलही वाचू शकते. दुसरा गुण असा की, लिटरमागे मद्यार्कात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच शक्ती असते, आणि जळण्यास त्याला हवाही कमी लागते. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे साडेचौदा भाग लागतात, मद्यार्कास नऊच. नव्या गाडीतील यंत्रणा हा फरक ओळखून मिश्रण आपोआप सुधारते. आपल्या कार्बोरेटरला तसे डोळे नाहीत. त्यास मिश्रण पातळ पडते, गाडी सकाळी उठावयास कुरकुरते आणि चढावर धापा टाकते. शक्तीचा हिशेब केला तर दर लिटरमागे सहा-सात टक्क्यांची तूट येते. याचा इलाज म्हणजे कार्बोरेटरमधील जेट किंचित मोठा बसविणे. ते काम मात्र कार्बोरेटर जाणणाऱ्याकडूनच करवावे. सुईने जेटचे भोक कोरून मोठे करण्याचा उद्योग आम्ही एकदा केला आणि नवा जेट विकत घेतला.

ठिणगीचा मार्ग त्यामानाने निरुपद्रवी. बॅटरीपासून किल्ली, किल्लीपासून कॉइल, कॉइलपासून जाड तार डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाच्या मध्यास, आणि त्या टोपणावरून चार तारा चार प्लगांस. टोपणाखाली जे दोन लहान ठोके उघडझाप करतात ते पॉइंट. ते काळे पडले किंवा त्यांमधील फट बिघडली की गाडी उठत नाही. फट पूर्ण उघडली असता ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी. फीलर गेजच्या पट्टीने ती मोजता येते. प्लगची फट सुमारे ०.६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ करवतीच्या, म्हणजे हॅकसॉच्या, पात्याइतकी. काळे झालेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलके पुसावेत, घासू नयेत. ठिणगी येते की नाही हे पाहावयाचे असल्यास जादा प्लग तारेला लावून तो इंजिनाच्या धातूवर टेकवावा आणि दुसऱ्याने स्टार्टर फिरवावा. मात्र पेट्रोलचा वास असताना ही परीक्षा कदापि करू नये.

येथे आमची एक फजिती सांगतो. दिवाळीच्या साफसफाईच्या उत्साहात आम्ही चारही तारा एकदम काढून पुसल्या आणि परत लावताना क्रम विसरलो. गाडीने तोंडातून व शेपटातून असे काही आवाज काढले की शेजारचे गृहस्थ धावत आले. ठिणगीचा क्रम या इंजिनात एक, तीन, चार, दोन असा असतो, आणि पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. हे त्या दिवशी अर्धा दिवस घालवून कळले. तेव्हापासून आईने प्रत्येक तारेस लोकरीचा धागा बांधून दिला आहे : पहिलीस एक गाठ, दुसरीस दोन, असे चारपर्यंत. दिसत नसतानाही तिला कोणती तार कोणती हे बोटांनी सांगता येते.

पाण्याविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगावयाची, कारण तिची खूण आमच्या पुतण्याच्या मनगटावर आहे. उसाच्या हंगामात रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रीघ असते. त्यांच्यामागून रांगत गेल्यास गाडी तापते. तशी ती तापली असता त्याने घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. आतील पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि सारे पाणी वाफ होऊन वर उसळते. झाकण तेव्हाच उघडावे जेव्हा रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवून आपण मनात वीस आकडे मोजू शकतो. तेही कापड धरून, तोंड बाजूला करून. भाजल्यास वीस मिनिटे वाहते साधे पाणी हाच पहिला उपाय. आमच्या घरी तूप, शाई आणि टूथपेस्ट अशा तीन मतांचे लोक होते. नशिबाने पाण्याचा नळ जवळ होता. गाडी वारंवार तापत असेल तर फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहावा. तो बोटाच्या जाडीइतका खाली जावा, अधिक गेल्यास सैल आहे. आणि बोअरचे पाणी रेडिएटरात घालू नये, त्याचा खार आत बसतो.

बॅटरीच्या प्रवाहासंबंधी इतकेच की, निम्म्या तक्रारींचे मूळ बॅटरीच्या टोकांवरील पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थरात असते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावे, कोरडे करावे, व्हॅसलीन लावावे.

आता भगिनींच्या प्रश्नाचा उत्तरार्ध : हात कोठे आखडावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांचे सांधे यांस घरी हात लावू नये. पद्मिनीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. एका ठिकाणी तेल गळले की पायाखालचा पेडल रिकामा जातो. चाकाच्या आतील बाजूस ओल दिसली किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेला, एवढे ओळखणे आपले काम. पुढचे जाणत्याचे. तसेच जॅकवर उचललेल्या गाडीखाली, खाली लाकडी ठोकळे दिल्यावाचून, कोणीही शिरू नये. गाडीत पावडरचे लहान अग्निशामक नळकांडे असावे आणि त्याची मुदत कोणीतरी लक्षात ठेवावी.

नाशिकहून परतल्यावर अण्णांनी जेवणाच्या पानावरच सांगितले, “गाडी मोडीत काढायची.” त्यांचे म्हणणे अविचाराचे नव्हते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी श्रीरामपूरच्या कार्यालयात नोंदणी नवी करावी लागते; तिचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारीस ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. पर्यावरण कर निराळा. गाडीच्या बाजारभावाशी हे ताडून पाहिले तर हिशेब अण्णांच्याच बाजूचा होता. आम्ही भावनेची बाजू मांडली. ती फारशी टिकली नाही, कारण पहाटेचा तो वास सर्वांच्या नाकात होता. पुतणी म्हणाली, “अण्णा, गाडी चुकली नाही. नळी बदलायची तारीख आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हती.” आई काही बोलली नाही. तिला नव्या गाडीत खाली वाकून बसता येत नाही आणि पद्मिनीत बसता येते, हे तिने सांगावयाची आवश्यकता नव्हती.

शेवटी अण्णांनी तीन अटी घातल्या. गाडी बंबाच्या बाजूस कधीही उभी करावयाची नाही. तिची जागा आता वाड्याच्या पलीकडील टोकास. सर्व रबरी नळ्या दर दोन वर्षांनी बदलावयाच्या, चांगल्या दिसल्या तरी. आणि त्याची नोंद वहीत न ठेवता भिंतीवर करावयाची, जेथे ती सर्वांस रोज दिसेल. कुर्ल्याहून डायफ्राम आला, पुण्याहून नळी आली, एका रविवारी अण्णांनी स्वतः पाना धरला आणि पुतणीने दिवा. नोंदणीचे पैसे भरले. भिंतीवर तेलरंगाने पहिली तारीख घातली आहे. तिच्याखाली दुसऱ्या तारखेपुरती जागा कोरी ठेवली आहे, आणि नळीचा कापलेला जुना तुकडा तेथेच खिळ्यास टांगला आहे.